काळ्या मातीवरचं संग्रहालय

दृश्य: मे महिन्यातलं रान. हात आत जाईल एवढ्या भेगा.

मराठवाड्यात नवं संग्रहालय उभारायचं म्हणजे पहिली गाठ या मातीशी. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर टेकवलेला पाया हलत राहतो. घराला तडा गेला तर लिंपून भागतं. संग्रहालयात त्याच तड्यातून ओल भांडारात उतरते. म्हणून माती तपासून झाल्याशिवाय नकाशाला हात लावू नये.

काळी मीटर-दीड मीटरच असली तर ती उपसून मुरमावर पाया घ्यावा. खोल असली तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेला, तळाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब: निदान साडेतीन मीटर खोल, खाली पाइलच्या व्यासाच्या अडीचपट रुंद फुगा. वरच्या बीमखाली साधारण 80 मिलिमीटर पोकळी सोडायची, म्हणजे फुगलेली माती बीमला वर ढकलत नाही. बांधकामावर नेमकी हीच पोकळी काँक्रीटनं भरली जाते. उघडी जागा म्हणजे काम अर्धवट, असं मिस्त्रीला वाटतं!

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर, 2002 च्या भारतीय मानकात लातूरचा परिसर भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आला. त्यामुळे इमारतीइतकाच विचार आतल्या मूर्तींच्या बैठकीचा करावा लागतो.

दृश्य: चेन-पुलीला टांगलेला वीरगळ.

दीड मीटर उंच, 60 सेंटिमीटर रुंद, 25 सेंटिमीटर जाड. बेसाल्टचा हा दगड साडेसहाशे किलो भरतो. त्याचा रस्ता ट्रकपासून चौथऱ्यापर्यंत आधी आखायचा: उतार, दार, वळण, फरशीची ताकद. दार मागाहून रुंद करायचं म्हणजे भिंत फोडणं आलं.

दृश्य: पैठणीचा पदर, जवळून.

रेशमाला 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. मराठवाड्यातलं दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं, तेव्हा वस्त्रदालनाला खिडकी नकोच. पैठणीची घडी घालू नये, घडीवर जरीची तार तुटते. आम्लरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर ती सैल गुंडाळावी आणि प्रदर्शनात काही महिन्यांनी बदलावी.

हवेचं दुखणं वेगळं. मेमधल्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, श्रावणात 80 च्या वर. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारख्या वस्तू या चढउतारानं तडकतात. दहा ते पाच एसी आणि रात्री बंद, हा तर सर्वांत वाईट उपाय, कारण वर्षाचा चढउतार तो रोजचा करून ठेवतो. त्यापेक्षा जाड भिंती, दुहेरी छत आणि घट्ट बंद होणारी शोकेस बरी. शोकेसच्या तळकप्प्यात हव्या त्या आर्द्रतेला आणलेली सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे आणि सोडणारे दाणे, ठेवायची.

पण शोकेस घट्ट झाली की आतली वाफही आतच कोंडते.

दृश्य: सातवाहनांचं शिशाचं नाणं, कडेला पांढरी भुकटी.

ही भुकटी म्हणजे धूळ नव्हे. पुसली तर नाण्यावरचा हत्तीही पुसला जाईल. लाकडातून, प्लायवुडमधून, एमडीएफमधून (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) असेटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि शिसं तिला बळी पडतं. सागवानी कपाट दिसायला देखणं, पण शिशाच्या नाण्यांना ते नको. काच जोडायचं सिलिकॉनही वास घेऊन पाहावं: व्हिनेगरसारखा आला तर परत करावं, ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागवावं.

शंका असेल तर चाचणी घ्यावी. काचनळीत दोन ग्रॅम नमुना, थोडं पाणी, आणि शिसं, तांबं, चांदी यांची एकेक पट्टी. नळी घट्ट बंद करून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायची. शेजारी नमुना नसलेली दुसरी नळी, तुलनेसाठी. पट्टी काळवंडली किंवा पांढरी पडली तर ते साहित्य बाद.

हे 28 दिवस निविदेतच लिहून घ्यावेत. नाहीतर उद्घाटनाची तारीख आधी ठरते, शोकेस रातोरात रंगतात आणि ओल्या रंगाच्या वासातच नाणी मांडली जातात. पावडर कोटिंगचा पत्रा आणि काच वापरली, तरी सांधे भरल्यावर शोकेस तीन-चार आठवडे उघडी ठेवावी, मगच कुलूप लावावं.