मामाच्या ग्लासातलं बेरियम

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. परवा मामाबरोबर पोटाचा एक्सरे काढायला गेलो होतो, आधी त्याला ग्लासभर पांढरंफटक घट्ट पाणी प्यायला दिलं. मामा तोंड वाकडं करून म्हणतो, काय रे हे, खडू कालवलाय का? म्हटलं मामा, बेरियम आहे, म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटातून निघून तुझ्या पोटात चाललंय. तो बघतच राहिला.

तर तारा आपल्या पोटात कोणकोणती मूलद्रव्यं शिजवणार हे बरंचसं त्याच्या वजनावर ठरतं. सगळं कौतुक दांडग्या ताऱ्यांचं होतं, म्हणजे सूर्याच्या आठपटीहून जड असलेल्यांचं. पंचवीसपट तारा घ्या, सगळं आयुष्य जेमतेम 70 लाख वर्षं, घाईघाईत हेलियम, कार्बन, ऑक्सिजन असं करत सिलिकॉनपर्यंत येतो आणि ते सिलिकॉन तर एखाद्या दिवसातच संपतं! मग लोखंडापाशी गाडी अडते, कारण लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची जाते, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड धमाका. आत्ता तुम्ही श्वास घेतलात ना, त्यातला ऑक्सिजन बहुतेक असल्यांचाच. सोन्याची गोष्ट वेगळी, त्यात न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी येतात, ते पुन्हा कधीतरी.

पण बेरियम मुख्यतः लहान ताऱ्यांचं, सूर्याच्या दीडपट-तिप्पट वगैरे. यांचं काम मंद आचेवरचं. हायड्रोजन संपला की फुगून तांबडे होतात, गाभा 10 कोटी डिग्रीला गेला की तीन-तीन हेलियम जुळून कार्बन होतो. हे जमायचं तर कार्बनच्या अणुकेंद्रात एक ठराविक ऊर्जेची पातळी असायलाच हवी असं फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञांनी 1953 च्या सुमारास आधी सांगितलं, प्रयोगात ती नंतर सापडली. हॉईल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू बरं का.

अगदी म्हातारपणी याच ताऱ्यांच्या आत न्यूट्रॉन सुटे होतात आणि ताऱ्यात जन्मापासूनच असलेल्या लोखंडाला एकेक करून चिकटतात, दोन न्यूट्रॉनांच्या मधे कधी कधी वर्षंच्या वर्षं, काही घाई नाही, असं चढत चढत स्ट्रॉन्शियम, बेरियम, थेट शिशापर्यंत. हे खरंच होतं कशावरून? 1952 साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्य दिसलं. ते फार टिकत नाही, जास्तीत जास्त टिकणारा प्रकारसुद्धा 42 लाख वर्षांत निम्मा होतो आणि तारे तर कितीतरी जुने, म्हणजे माल तिथेच, ताजा बनलेला! मग हे तारे बाहेरचे थर वाऱ्यावर सोडून देतात, धमाका वगैरे काही नाही.

मामाचं म्हणाल तर साधी ॲसिडिटी निघाली, खडूची चव मात्र दोन दिवस गेली नाही म्हणतो.