मावशीचे दोन स्कॅनर

नमस्कार श्रोतेहो. मोबाईलवरून होणाऱ्या पैशाच्या देवघेवीबद्दल आज बोलायचंय. स्कॅनर कसा मारायचा ते मी शिकवणार नाही, ते तुमची नातवंडं शिकवतील.

आपल्याकडे ही यूपीआयची सोय सुरू झाली 11 एप्रिल 2016 रोजी, आणि तीही इथंच, मुंबईत. ती चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि सुट्ट्यासाठी वणवण करणाऱ्या लोकांनी फोन हातात घेतला. त्याआधी, 2007 मध्ये, केनियात एम-पेसा आलं होतं. 'पेसा' म्हणजे तिथल्या स्वाहिलीत पैसाच. पण तिथं बँकेत खातं लागत नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख भरायची की गावाकडच्या आईच्या फोनवर पैसे जमा. आपल्या यूपीआयला मात्र बँकेचं खातं लागतं, आणि त्या खात्याला जोडलेला फोन नंबर लागतो. खातं आणि नंबर. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

आमच्या बाजारात एक मावशी मासे विकायला बसतात. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणतात, आठ वाजता जागेवर हजर. ताज्या बोंबलांसाठी मी त्यांच्याचकडे जातो. (पावसाळ्यात बर्फातले पापलेट खाणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, पण ते असो.) दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या पाटीशेजारी स्कॅनर आला आणि ते बोलणारं डबडंही आलं. सगळ्या बाजाराला माझ्या खरेदीचा आकडा ओरडून सांगायची काय गरज आहे, मला अजून कळलेलं नाही.

एकदा मीच पहिला गिऱ्हाईक होतो. फोन काढला तर मावशी म्हणाल्या, "भाऊ, रोख दे ना. भवानी आहे."

मला वाटलं, श्रद्धेची बाब असेल. भवानीची नोट कपाळाला लावतात, फोन कसा लावणार? नोट दिली. मावशींनी ती कपाळाला लावली, कनवटीला खोचली आणि हळूच म्हणाल्या, "बर्फवाल्याला द्यायला माझ्याकडे पैसाच नाही."

"एवढा धंदा होतो की!"

"डबा बोलतो माझ्यापुढं, पैसा जातो पोराच्या खात्यात."

श्रोतेहो, तीस वर्षं त्या बाईंची बँक कमरेला होती. दुपारी पाटी उचलताना कनवट चाचपली की दिवस कसा गेला ते कळायचं. त्यातूनच भिशीचे पैसे, लेकीला गुपचूप दिलेली शंभराची नोट. पोरगा वाईट नाही हो. मागितले की देतो. पण मागावे लागतात! आणि देताना विचारतो, "कशाला?"

नात बारावीत. तिच्या लक्षात आलं की आज्जीचं जनधन खातं आहे, पण त्याला फोन नंबर जोडलेला बापाचा. तो बदलायला तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्या खेपेला आधारची झेरॉक्स हवी, तिसऱ्या खेपेला मावशी मासळीची पाटी घेऊनच बँकेत शिरल्या. दहा मिनिटांत काम झालं.

म्हणून पुन्हा सांगतो. घरातल्या बाईचं खातं असेल, तर त्याला जोडलेला नंबर तिचाच आहे ना, हे आज रात्री जेवताना बघा. नंबर तिचा, पिनही तिचाच. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी फोनवर म्हणालं, "पैसे पाठवतोय, पिन टाका," तर फोन ठेवून द्या. पैसे द्यायला पिन, घ्यायला नाही. फसलात तर लगेच 1930 हा नंबर लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

गिरणीतला माणूस कोकणात मनीऑर्डर पाठवायचा, तेव्हा पोस्टमन पैसे घरच्या बाईच्या हातावर मोजायचा. तो हात महत्त्वाचा होता, एवढंच माझं म्हणणं. बाकी सुट्ट्याऐवजी चॉकलेट टेकवणारे दुकानदार कमी झाले, ही यूपीआयची मोठीच देशसेवा!

तर, मावशींकडे आता दोन स्कॅनर आहेत. वाचता येत नाही, म्हणून स्वतःच्या पुठ्ठ्याला त्यांनी हिरव्या बांगडीचा तुकडा चिकटवलाय. कुठला कधी पुढं करायचा याचा त्यांचा नियम मला परवा कळला. सरळ भाव देणाऱ्याला बांगडीवाला. घासाघीस करणाऱ्याला पोराचा.

"असं का हो?"

"कमी आले तर त्याचे कमी येऊ देत."

मी घरी येऊन फोनमधला हिशेब काढला. गेल्या दोन महिन्यांतले माझे सगळे पैसे पोराच्या नावावर गेलेत.