ओल्या-कोरड्याचं कापड

उत्तर व्हिएतनाममधला काओ बांग प्रांत. चुनखडीच्या डोंगरांमध्ये फुक सेन हा गावांचा भाग. इथं नुंग लोकांची नुंग आन ही शाखा राहते. नवरीच्या पोशाखाची तयारी निळीच्या पिंपापासून सुरू होते.

निळीची ताजी पानं पाण्यात बुडवून वर दगड ठेवलेत. दोन-तीन दिवसांत पाणी हिरवट-निळं झालं की पानं काढायची. उशीर झाला तर ती कुजतात, रंग मळकट उतरतो. मग चुना. कमी पडला तर नीळ तळाशी बसत नाही. जास्त झाला तर गाळात निळीपेक्षा चुनाच भरतो.

आता घुसळणं. फेस बघा, आधी हिरवा, मग निळा. तो विरायला लागला की हात थांबवायचा. रात्रभर निवळलं की वरचं पाणी ओतून टाकायचं, खाली राहतो तो निळीचा गाळ.

(फक्त पाण्याचा आवाज)

रांजणात हा गाळ, राखेचं निवळलेलं पाणी आणि तांदळाची दारू. हे नीट आंबलं पाहिजे, नाहीतर कापड रंग धरत नाही. कापडही आधी साध्या पाण्यात भिजवून घ्यायचं. कोरडं घातलं तर डाग पडतात. रांजणातून वर येतं ते पिवळट-हिरवं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. बुडवा, पिळा, वाळवा. कित्येक दिवस हेच, जवळजवळ काळं दिसेपर्यंत. घाई केलेला रंग धुण्यात जातो. इतक्या निगुतीनं केलेल्या कापडाला बाजारातल्या कपड्याची सर नाही.

लग्नाचा दिवस. वराकडचे लोक चढण चढतायत. भाजलेलं डुक्कर, चिकट तांदूळ, दारू. या ओझ्यात एक छोटी घडी आहे, ती नवरीच्या आईसाठी. ताय आणि नुंग लोकांचं हे ओल्या-कोरड्याचं कापड. लेक तान्ही असताना आई स्वतः ओल्यात निजली, लेकीला कोरड्यात सरकवलं. त्याची ही आठवण. बाकी आहेर कितीही मोठा असो, मान या घडीचा.

(निवेदन नाही. आई घडी घेते.)

पूर्वी नवरी पहिलं मूल होईपर्यंत बराच काळ माहेरीच राहायची. आता तसं क्वचितच होतं, आणि घरोघरचे रांजणही कमी झालेत.

नवरी उंबरा ओलांडते. नखांच्या कडांना नीळ अजून तशीच आहे.