परत आलेले नाणे आपलेच आहे का?

पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन नाणी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही अमेरिकेचे मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीची जुनी डॉलर नाणी आहेत, दोन्हींवर १८८१ हेच वर्ष आहे आणि दोन्ही अस्सल आहेत. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने डावीकडचे नाणे पाठवले आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या शेऱ्यासह उजवीकडचे परत आले, तर अदलाबदल झाली हे तो कशाच्या आधारे सांगणार?

वजन येथे उपयोगी पडत नाही. मॉर्गन डॉलरचे ठरलेले वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण ९० टक्के. अस्सल नाण्याच्या जागी थोडे अधिक झिजलेले अस्सल नाणेच आले, तर तराजूवर फरक दिसेलच असे नाही. उत्तर शोधावे लागते ते नाण्याच्या पृष्ठभागावर. १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरले जात, आणि त्या पिशव्यांची हलवाहलव होताना नाणी एकमेकांवर आपटत. नाण्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर त्यातून उमटलेले खड्डे आणि ओरखडे संग्राहकाला खुपतात, पण विक्रेत्याने त्यांचे आभार मानावेत, कारण साच्याची नक्षी असंख्य नाण्यांवर सारखी असली, तरी त्या आघातांची नेमकी तीच मांडणी दुसऱ्या नाण्यावर मिळत नाही. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर चढणाऱ्या रंगछटांच्या सीमारेषाही अशाच ओळख पटवतात. मात्र नाणे कोणी घासून किंवा रसायनात बुडवून ‘स्वच्छ’ केले, तर त्या नाहीशा होऊ शकतात, खोल खड्डे तेवढे उरतात.

म्हणून संशयास्पद परताव्याचा निकाल बहुतेक वेळा विक्रीपूर्वीच लागलेला असतो. दोन्ही बाजूंची आणि कडेचीही छायाचित्रे, त्यांतील काही तिरप्या प्रकाशात घेतलेली, मूळ आकारात जपून ठेवावी लागतात. संकेतस्थळावर चढवलेल्या आकुंचित प्रतींमध्ये नेमके हवे ते बारकावे हरवतात. कडेचे छायाचित्र बहुतेक जण घेतच नाहीत, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. दोष दाखवणारी छायाचित्रे जाहिरातीतही द्यावीत: प्रामाणिक खरेदीदाराची निराशा त्यामुळे टळते आणि नाणे बदलण्याचा विचार करणाऱ्याला ते ओळखले जाईल हे आधीच कळते.

परत आलेले नाणे बनावट असेल, तर तराजू पुन्हा कामाला येतो. ब्रिटिश सोन्याच्या सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि व्यास २२.०५ मिलिमीटर असतो. हलक्या धातूच्या नकलेला हे दोन्ही आकडे एकाच वेळी साधायचे, तर जाडी वाढवावी लागते. नाणे पाण्यात टांगून घेतलेली घनतेची चाचणी आणखी बोलकी ठरते. अस्सल मॉर्गन डॉलरचे वजन पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने कमी भरते, तर तेवढ्याच वजनाची, चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नक्कल जवळपास ३ ग्रॅमने हलकी होते. चाचणीनंतर नाणे घासून पुसू नये, मऊ कापडाने नुसते टिपावे.

परताव्याचे पार्सल आले की ते उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे आणि पत्त्याच्या चिठ्ठीपासून नाणे तराजूवर ठेवेपर्यंतचे चित्रण मध्ये न थांबवता करावे. या चित्रणावर विक्रेते अवाजवी भिस्त ठेवतात. ते विक्रेत्यानेच केलेले असल्यामुळे विक्रीमंच, म्हणजे ज्या संकेतस्थळांवरून विक्री होते ती, ते मान्य करतीलच असे नाही. वाहतूक कंपनीने स्वतः नोंदवलेले पार्सलचे वजन हा त्रयस्थाचा पुरावा असतो. रिकामे पाकीट आल्यास, किंवा पार्सल विक्रेत्याच्याच पिनकोडमधील भलत्याच पत्त्यावर पोहोचवून ‘पोहोचले’ अशी नोंद करवून घेतली असल्यास, ते वजन आणि प्रत्यक्ष पोहोचवल्याचा पत्ता लेखी मागवावा.

प्रमाणित, म्हणजे तज्ज्ञ संस्थेने तपासून दर्जा ठरवलेल्या नाण्याच्या बाबतीत सीलबंद प्लास्टिक कवचाचाही विचार करावा लागतो. कवच फोडले की त्यावर नोंदवलेला दर्जा त्या नाण्याला लागू राहत नाही. कवच शाबूत दिसले, तरी प्रमाणपत्राचा क्रमांक जुळणे पुरेसे नाही, कारण खरे क्रमांक छापलेली बनावट कवचे बाजारात आहेत. आतल्या नाण्याच्या खुणा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहाव्याच लागतात.

या सगळ्यात भाषेचा तोल सांभाळणे अवघड, आणि तरीही अत्यावश्यक असते. एकाच वर्षाची नाणी अनेकांकडून घेणाऱ्या संग्राहकाच्या हातून सरमिसळ होऊ शकते, त्यामुळे ‘आपण फसवले’ असे न लिहिता ‘मिळालेल्या नाण्याच्या गालावरील ही खूण पाठवलेल्या नाण्यावर नव्हती’ असे लिहून दोन्ही छायाचित्रे जोडावीत. हा पत्रव्यवहार विक्रीमंचावरच आणि मुदतीच्या आत व्हावा. बाहेरच्या बाहेर पैसे परत केले आणि त्यानंतर खरेदीदाराने बँकेमार्फतही रक्कम मागे घेतली, तर विक्रेत्याला तीच रक्कम दोनदा गमवावी लागू शकते.

वाद मिटेपर्यंत परत आलेले नाणे त्याच्या पाकिटासह वेगळे ठेवावे. ते बनावट ठरले, तर अस्सल म्हणून ते पुन्हा विक्रीला काढता येत नाही, मग निकाल कोणाच्याही बाजूने लागलेला असो.