आधी दुर्बिणीची तारीख, मग शौचाची डबी

गोव्यातल्या पंचायतींचे पंच, अंगणवाडी सेविका आणि स्वयंसाहाय्य गटांतल्या भगिनी आज इथे जमल्या आहेत, म्हणून थेट कामाचेच बोलतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची मोफत तपासणी कुठे होते, असे लोक तुम्हांला विचारतात. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या माणसांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी पाहणी होते. मोठे आतडे त्यात नाही. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात तुमची पाळी आली की परिचारिका आपणहून हा विषय काढील, असे धरून चालू नका. तपासणी मागावी लागते, आणि नीट शब्दांत मागावी लागते.

सगळ्यांत आधी दोन प्रकारची माणसे वेगळी करा. परसाकडच्या वेळी रक्त जाते, काही आठवड्यांपासून पोटाची सवय बदलली आहे, वजन उतरले आहे, किंवा पुरुषात वा पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता होऊन रक्त कमी झाले आहे, अशा माणसाला चाळणीचाचणी, म्हणजे काहीच त्रास नसलेल्यांत रोग हुडकायची तपासणी, नको. त्याला निदान हवे. त्याने शौचाचा नमुना द्यायच्या डबीच्या नादी न लागता केंद्रातल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जावे. चिठ्ठीवर नुसते ‘पोटाचा त्रास’ न लिहिता ‘रक्तस्राव’ किंवा ‘लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया’ असे स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे तारीख लवकर मिळायला आधार होतो. मूळव्याध आहे म्हणून रक्त जाते, असे ठरवून वर्षानुवर्षे मलम लावत बसणे ही इथली फार जुनी आणि फार महाग पडणारी चूक आहे. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात असू शकतात.

काहीच त्रास नसलेल्यांत पहिला मान रुग्णांच्या घरच्यांचा. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांच्यापैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा घरात सर्वांत लहान वयात ज्याला झाला त्याच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करतात. भावाला ४४ व्या वर्षी झाला असेल तर बहिणीची सुरुवात ३४ ला. या लोकांनी डबी न देता सरळ कोलोनोस्कोपीविषयी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याविषयी, बोलावे. बाकीच्यांसाठी अमेरिकेत २०२१ पासून ४५ ते ७५ हे वय सुचवले जाते. भारतात हा आजार तिकडच्यापेक्षा कमी आढळतो आणि दुर्बिणीची तपासणी होते अशा जागाही मोजक्या, म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की अख्ख्या गावाला डब्या वाटण्याआधी गावातल्या रुग्णांच्या भावंडांची यादी करा.

आता डबी. केंद्राच्या प्रयोगशाळेत ‘शौचातले अदृश्य रक्त’ ही चाचणी होते का, एवढेच विचारून थांबू नका. कोणत्या पद्धतीने होते तेही विचारा. जुनी ग्वायॅक पद्धत रक्तातल्या हीमच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाच्या, रासायनिक क्रियेवर चालते, त्यामुळे बकऱ्याच्या किंवा गुरांच्या मटणाने ती खोटी होकारार्थी येऊ शकते आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खोटी नकारार्थी. तिच्यासाठी तीन दिवसांचे पथ्य आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. नवी पद्धत म्हणजे फिट (एफआयटी). ती फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनची प्रथिने ओळखते, तिला पथ्य नाही आणि बहुधा एकच नमुना पुरतो. कर्करोग असलेल्या शंभरांपैकी सुमारे ७९ जण ती पकडते आणि नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९४ जणांना नकारार्थी अहवाल देते. म्हणजे काही जण निसटतात. म्हणूनच ती दरवर्षी करायची असते.

नमुना बिघडतो तो बहुतेक घरीच. संडासाचे भांडे कोरडे करून त्यावर जुना कागद पसरा, शौच पाण्यात किंवा लघवीत पडू देऊ नका. डबीच्या झाकणाला काडी असते, ती चार-पाच ठिकाणी खुपसा, खाचांत भरेल एवढेच घ्या. जास्त घेतले की तपासणी अधिक चांगली होते, हा गैरसमज आहे. आतला द्रव ओतून टाकू नका. पाळी चालू असताना किंवा लघवीतून रक्त जात असताना नमुना देऊ नका. थांबल्यावर तीन दिवस जाऊ द्या. मूळव्याधीचे रक्त जात असेल त्याने वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरकडेच जावे. आणि उष्णता. हिमोग्लोबिन उन्हात मोडते, मग रक्त असूनही चाचणी नकारार्थी येते. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेली डबी काही उपयोगाची नाही. शिबिर शुक्रवारी ठेवले आणि प्रयोगशाळा सोमवारी उघडली, की हाच घोळ होतो. शिबिर सोमवारी किंवा मंगळवारी घ्या, डब्या बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

आता मुख्य मुद्दा. दोनशे निरोगी माणसांना फिट दिली, तर वरच्या आकड्यांनुसार सुमारे बारा जणांचा अहवाल होकारार्थी येणार. त्या बाराही जणांना कोलोनोस्कोपी लागणार. ‘पुन्हा एकदा डबी देऊन बघू’ हा मार्ग नाही. दुसरी नकारार्थी आल्याने पहिली खोडली जात नाही. म्हणून डबी वाटण्याआधी रुग्णालयाच्या प्रमुखांना पत्र देऊन विचारा, बारा जणांना किती दिवसांत तारीख मिळेल? उत्तर नसेल तर शिबिर पुढे ढकला. होकारार्थी अहवालानंतर दहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांत पुढच्या टप्प्यातला कर्करोग जास्त सापडतो.

पैशांचे थोडक्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात पाच वर्षे राहणाऱ्यांसाठी आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण, त्याहून मोठ्याला चार लाखांचे. कार्ड चालू आहे का, हे आधीच पाहून ठेवा. आयुष्मान भारत या केंद्राच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्नाटक, ओडिशा किंवा झारखंडहून आलेल्या मजुराचे कार्ड इथल्या यादीवरच्या रुग्णालयातही चालते. पण तीत बाह्यरुग्ण विभागातली तपासणी बसत नाही. चाळणी सरकारी खिडकीवर आणि उपचार योजनेत, असा विचार करा. वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा हॉटेलात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असते. त्याने मडगावचे ईएसआय रुग्णालय गाठावे. गोमेकॉत २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागते, त्यामुळे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आपली ओळखपत्रे बरोबर ठेवावीत.

कोलोनोस्कोपी रद्द व्हायचे मोठे कारण म्हणजे पोट साफ नसणे. आदल्या दिवशी पालेभाजी, भेंडी, वांगी, टोमॅटो, पेरू, काजूगर बंद. पेज चालेल ती गाळून, फक्त निवळी. सोलकढी पारदर्शक नसते आणि कोकमाचा लाल रंग रक्तासारखा दिसतो, म्हणून दोन्ही नकोत. शहाळ्याचे पाणी किंवा बिनदुधाचा चहा घ्या. जुलाबाची पावडर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच घोळा, बहुधा दोन लिटर. निम्मी आदल्या संध्याकाळी, निम्मी सकाळी, तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सगळी पावडर संध्याकाळीच पिऊन टाकणाऱ्या माणसाचे उजवे आतडे सकाळपर्यंत पुन्हा मळते. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवायच्या असतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. गुंगी दिली तर त्या दिवशी दुचाकी नाही, सोबत माणूस हवाच. काणकोणहून किंवा वाळपईहून येणाऱ्याला उशिराची वेळ मागा, म्हणजे सकाळचे निम्मे औषध घरी घेऊन निघता येईल. बसमध्ये बसून ते घेणे शक्यच नाही.

आतडे फुटण्याचा धोका हजारात एकाहून कमी आहे, पण लोक विचारतात, म्हणून तो लपवू नका. गाठ (पॉलिप) सापडली तर बहुतेक वेळा तिथेच काढतात आणि बायॉप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवतात. तो अहवाल आणायला दुसऱ्यांदा जावे लागते आणि इथेच पुष्कळ माणसे गळतात. एकदोन लहान गाठी असतील तर पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी, गाठ एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर तीन वर्षांनी. अहवालाच्या प्रती काढा: एक घरच्या फाइलमध्ये, बाकीच्या रुग्णाच्या संमतीने त्याच्या भावंडांच्या हाती, त्यांच्या तपासणीच्या वयाचा हिशेब करून.