मारिओची टोपी, सॅमसचे खांदे: गेममधली पात्रं दिसायला का बदलतात

नमस्कार मंडळी.

मारिओच्या डोक्यावर टोपी आहे, कारण १९८१ साली त्याचे केस काढायला जागा नव्हती. मिशी आहे, कारण तोंड काढता येत नव्हतं. आज त्याचा एकेक केस वेगळा दाखवता येतो, तरी टोपी जागेवर आहे आणि मिशीही. पात्राचं रूप बदलताना काय जातं, काय राहतं आणि का, ते आज बघू. शेवटी स्वतःचं पात्र नव्याने काढायचं असेल तर काय तपासायचं, तेही सांगतो.

[स्क्रीनवर: १६ बाय १६ चौकटींची रिकामी जाळी]

ही जाळी बघा. १६ आडव्या, १६ उभ्या. 'डाँकी काँग' या आर्केड गेममध्ये निंटेंडोचे डिझायनर शिगेरू मियामोतो यांना अख्खा माणूस एवढ्यात बसवायचा होता आणि रंग मिळत होते तीन. लाल, निळा आणि कातडीचा. तेव्हा त्याला 'जंपमॅन' म्हणत आणि तो सुतार होता. प्लंबर झाला १९८३ मध्ये.

आता अडचण समजून घ्या. नाक आणि गाल एकाच रंगाचे आहेत. म्हणजे नाक कितीही मोठं काढा, ते चेहऱ्यात विरघळणार. नाकाखाली गडद पट्टा ओढला की नाक सुटं दिसतं आणि तोंड काढायची गरजच संपते. झाली मिशी. केस काढले तर पात्र उडी मारताना ते हलायला हवेत, नाहीतर डोक्याला चिकटवल्यासारखे वाटतात. टोपी घातली की तो प्रश्नच मिटतो. आणि ती खांद्यांवरून पट्टे येणारी डांगरी? चालताना हात छातीसमोरून जातो. हात आणि छाती एकाच रंगाची असेल तर हात दिसेनासा होतो. शर्ट एका रंगाचा, डांगरी दुसऱ्या रंगाची केली की हात उठून दिसतो. या तिन्ही गोष्टींमागे फॅशनचा विचार नव्हता, डोळ्याला हालचाल कळावी एवढीच गरज होती.

पुढे १९८५, फॅमिकॉम या निंटेंडोच्या घरगुती गेम यंत्रावरचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमची पिवळी-काळी कॅसेट फुंकर मारून बसवणाऱ्यांना हाच मारिओ आठवत असेल. यात त्याचे केस, शर्ट आणि बूट तिन्ही एकाच मातकट तपकिरी रंगाचे आहेत. कारण यंत्राची रचना. फॅमिकॉम हलणाऱ्या आकृती ८ बाय ८ च्या तुकड्यांतून जोडतं. लहान मारिओला असे ४ तुकडे लागतात, मोठ्याला ८. प्रत्येक तुकड्याला तीन रंग आणि चौथा पारदर्शक. अशा रंगांच्या पॅलेट, म्हणजे संच, एकूण फक्त चार, आणि त्या पडद्यावरच्या सगळ्या शत्रूंनीही वाटून घ्यायच्या.

पण याच अडचणीतून एक सोय निघाली. आकृती तीच ठेवून पॅलेट बदलली की नवं पात्र तयार. पांढरी डांगरी आणि लाल शर्ट, झाला आग फेकणारा मारिओ. पांढरी डांगरी आणि हिरवा शर्ट, झाला लुइजी. नवीन चित्रासाठी एक बाइटही खर्च नाही.

आणखी एक मर्यादा आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. पडद्याच्या एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त ८ तुकडे दिसतात. नववा आला की तो गायब होतो, म्हणून जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रं लुकलुकतात. मोठा मारिओ दोन तुकडे रुंद आहे. तो चार तुकडे रुंद केला असता तर अर्धी ओळ त्यानेच खाल्ली असती. त्या काळची पात्रं अंगाने आटोपशीर का असतात, याचं एक मोठं कारण हे.

१९८७ च्या रॉकमनने, म्हणजे मेगा मॅनने, वेगळा मार्ग काढला. त्याचा चेहरा हा शरीरावर ठेवलेला स्वतंत्र तुकडा आहे, स्वतःच्या पॅलेटसह. त्यामुळे शरीराला तीन रंग मिळतात आणि चेहऱ्याला वेगळे तीन. शिवाय शस्त्र बदललं की शरीराचा रंग बदलतो, चेहरा तसाच राहतो. किंमत एवढीच की चेहऱ्याच्या ओळींवर एक जास्तीचा तुकडा लागतो. हा हिशेब मला फार आवडतो. किती रंग वाढवायचे आणि त्यासाठी किती तुकडे मोजायचे, याचा विचार त्यात उघड दिसतो.

१९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये तीनपैकी एक रंग काळा केला. बाह्यरेषा मिळाली, पण डांगरीही काळी झाली. १९९० मध्ये सुपर फॅमिकॉमवर एका पॅलेटला १५ रंग आले आणि ही कसरत संपली.

एक दोष मात्र तेव्हाही उरला. पात्र डावीकडे वळलं की यंत्र तेच चित्र आरशासारखं उलटं करतं. म्हणून १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मधला सगॅट बाजू बदलतो तेव्हा त्याच्या डोळ्यावरची पट्टीही दुसऱ्या डोळ्यावर जाते. एका बाजूलाच असलेली खूण, छातीवरचं अक्षर, एका खांद्यावरची पिशवी, हे सगळं उलटं होतं. दोन्ही दिशांची चित्रं वेगळी ठेवायची म्हणजे मेमरी दुप्पट.

[स्क्रीनवर: पिस्केल उघडलेलं, नवीन फाइल]

हे हाताने करून बघा. पिस्केल हे पिक्सेलची, म्हणजे अशा चौकटींची, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. १६ बाय १६ ची फाइल घ्या. मागचा रंग मधला करडा ठेवा. पांढऱ्यावर काम केलं की फिकट रंग कुठे हरवतोय ते कळत नाही. तीनच रंग निवडा: एक गडद, एक मध्यम, एक फिकट. १९८५ चा लहान मारिओ १२ चौकटी रुंद आणि १६ उंच आहे. वरच्या दोन ओळी टोपी, पुढच्या पाच चेहरा. म्हणजे डोकंच जवळपास निम्मं. खऱ्या माणसाच्या प्रमाणात काढलंत तर चेहऱ्याला दोन ओळी उरतील आणि त्यात डोळासुद्धा मावणार नाही.

मग चालण्याच्या तीन फ्रेम काढा. त्या मारिओच्याही तीनच आहेत. इथे बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. पट्ट्याचं बक्कल, बटण असा एका पिक्सेलचा तपशील पहिल्या फ्रेममध्ये एका जागी असतो आणि दुसऱ्या फ्रेममध्ये शेजारी सरकतो. स्थिर चित्रात सुंदर दिसतो, चालताना मात्र माशी बसल्यासारखा थरथरतो. असा ठिपका एकतर डोक्याबरोबर किंवा कमरेबरोबर बांधून हलवा, नाहीतर काढून टाका. आणि चित्र मोठं करताना दुप्पट, तिप्पट, चौपट असंच करा. दीडपट केलंत तर काही चौकटी एका पिक्सेलच्या राहतात, काही दोनच्या होतात आणि चेहरा वाकडा दिसतो.

आता सॅमस, म्हणजे 'मेट्रॉइड' या गेममधली चिलखत घातलेली नायिका. मला विचाराल तर हे उदाहरण मारिओपेक्षाही मोलाचं आहे.

१९८६ च्या 'मेट्रॉइड' मध्ये तिला व्हेरिया सूट, म्हणजे जास्त मजबूत चिलखत, मिळालं की चिलखताचा रंग बदलायचा. खेळणाऱ्याला लगेच कळायचं. १९९१ मध्ये पुढचा भाग गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आला. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि रंग नाहीत, फक्त एकाच रंगाच्या चार छटा. आता सूट बदलला हे सांगायचं कसं? रंगाने सांगता येत नाही, मग आकाराने सांगायचं. व्हेरिया सूटला मोठे, गोल खांदे दिले.

[स्क्रीनवर: दोन काळ्या बाह्याकृती, एक साध्या खांद्यांची, एक गोल खांद्यांची]

१९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड' मध्ये रंग परत आले. खांद्यांची गरज संपली होती. तरी ते ठेवले, आणि आज सॅमस म्हटलं की आधी ते खांदे डोळ्यासमोर येतात. रंगाची उणीव भरून काढायला आलेला आकार रंग परत आल्यावरही टिकला, कारण लांबून, अंधारात, कोणत्याही पार्श्वभूमीवर तो ओळखू येतो. रंगाचं तसं होत नाही. रंग दिव्याच्या उजेडावर आणि टीव्हीच्या सेटिंगवर अवलंबून असतो.

१९९६ मध्ये मारिओ पॉलिगॉनचा झाला, म्हणजे त्रिकोण जोडून केलेलं त्रिमित शरीर. त्याच्या निंटेंडो ६४ या यंत्रात टेक्स्चरसाठी, म्हणजे त्रिकोणांवर चिकटवायच्या चित्रांसाठी, तातडीची मेमरी होती ४ किलोबाइट. ३२ बाय ३२ चं १६ बिटांचं एक टेक्स्चर त्यातली निम्मी जागा घेतं. म्हणून 'सुपर मारिओ ६४' मधल्या मारिओच्या बहुतेक अंगावर टेक्स्चर नाहीच, नुसते सपाट रंग आणि त्यांवर उजेड-सावली. टेक्स्चर आहे ते डोळे, मिशी, कानाजवळचे कल्ले, बटणं आणि टोपीवरचा एम यांना. म्हणजे मोजकी मेमरी नेमकी ओळखीच्या खुणांवर खर्च केली. बोटं हलत नाहीत. बंद मूठ आणि उघडा पंजा असे वेगवेगळे हात अदलाबदल होतात. तो लांब गेला की कमी त्रिकोणांचं दुसरं शरीर लावलं जातं. पायाखालची गोल सावली तर खेळाचा भागच आहे. ती नसेल तर उडी कुठे पडणार याचा अंदाज येत नाही.

त्याच वर्षी 'टूम रेडर' ची लारा क्रॉफ्ट आली. तिचं शरीर १५ सुट्या, ताठ तुकड्यांचं होतं. मांडी, पोटरी, पाऊल, दंड, कोपराखालचा हात, सगळं वेगवेगळं, एकमेकांत थोडं घुसवून ठेवलेलं. कोपर वाकलं की सांधा तुटका दिसायचा. चालू खेळात तिची लांब वेणी नव्हती, अंबाडाच होता. वेणी आली दुसऱ्या भागात, १९९७ ला. १९९९ च्या भागात सांध्यांवर कातडं ताणल्यासारखं बसवलं आणि फटी बुजल्या.

ही कातडं ताणण्याची पद्धत, म्हणजे स्किनिंग, आजही वापरतात, आणि तिचे दोषही आजचेच आहेत. प्रत्येक बिंदूला सांगावं लागतं की तू कोणत्या हाडाचं किती ऐकायचं. ही वजनं मिळून १ व्हायला हवीत आणि इंजिनांत, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका बिंदूला सहसा चारच हाडं ठेवतात. कोपराला त्रिकोणांची एकच रांग असेल तर हात वाकला की कोपर चपटं होतं. निदान तीन रांगा ठेवा, मधली सांध्यावर. मनगट पूर्ण फिरवलं की तिथला भाग चॉकलेटचा कागद पिळल्यासारखा आवळतो. त्यावर इलाज म्हणजे कोपर आणि मनगट यांच्यामध्ये एक जास्तीचं हाड घालायचं आणि मनगट जेवढं फिरेल त्याच्या निम्मं ते फिरवायचं. पात्राला मोठी खांदेपट्टी, रुंद कॉलर देण्याआधी हात डोक्याच्या वर उचलून बघा. कागदावरचं रुबाबदार चिलखत तिथे सरळ गालात घुसतं.

कॅमेराही रूप बदलायला लावतो. १९९१ चा सॉनिक, म्हणजे पळणारा निळा काटेरी हेजहॉग, बाजूने दिसायचा. बुटका, गोलसर, काळ्या डोळ्यांचा. १९९८ च्या 'सॉनिक अॅडव्हेंचर' मध्ये कॅमेरा पाठीमागे आला आणि युजी उएकावा यांच्या नव्या रूपात हातपाय लांब झाले, काटे लांबले, डोळे हिरवे झाले. पाठीमागून बघताना गोल शरीर म्हणजे नुसता निळा चेंडू. लांब पाय आणि मागे पसरलेले काटे असतील तर तो कुठे वळतोय ते कळतं. मात्र दोन्ही डोळ्यांचा जोडलेला पांढरा भाग, हातमोजे आणि लाल बूट यांना हात लावला नाही.

त्यांना हात लावल्यावर काय होतं, ते एप्रिल २०१९ मध्ये दिसलं. सॉनिकच्या सिनेमाचा पहिला ट्रेलर आला. डोळे लहान आणि सुटे, दात माणसाचे, हातमोजे नाहीत. प्रेक्षक इतके नाराज झाले की निर्मात्यांनी रूप बदललं आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर नेलं. मोठे डोळे आणि हातमोजे परत आले. फरची कारागिरी ट्रेलरमध्येही वाईट नव्हती. मोडली होती ती बाह्याकृती आणि चेहऱ्याची मांडणी.

नंतरच्या काळात यंत्राची अडवणूक कमी झाली. २०१३ च्या लाराचे केस पीसीवर एएमडीच्या ट्रेसएफएक्स तंत्राने बटेबटेने हलायला लागले, आणि त्यापायी ग्राफिक्स कार्डवर मोठा भार पडला. मारिओचं २०१७ चं रूप जास्त बोलकं आहे. 'सुपर मारिओ ओडिसी' मध्ये तो टोपी फेकतो आणि ज्या प्राण्यावर ती बसते तो त्याच्या ताब्यात येतो. अख्खा डायनासोर असला तरी टोपी आणि मिशी चढली की हा मारिओ, हे ओळखू येतं.

आता तुमचं काम. जुनं पात्र नव्याने काढताना आधी जुनं आणि नवं रूप शेजारी ठेवून दोन्ही पूर्ण काळी करा. मग ती ३२ पिक्सेल उंचीवर आणा आणि ज्याने नवं रूप पाहिलेलं नाही अशा माणसाला दाखवा. ओळख पटली नाही तर रंग, कापड, केस यांवर वेळ घालवू नका, आधी बाह्याकृती दुरुस्त करा. दुसरं, जुन्या रूपातल्या प्रत्येक खुणेसमोर लिहा: ही कोणत्या अडचणीमुळे आली होती, आणि आता ती बघून काय ओळखतात. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही, तर ती खूण बेलाशक काढा. तिसरं, खेळाचा खरा कॅमेरा जिथे असेल तिथूनच तपासा. तो पाठीमागे असेल तर पाठ आधी काढा, चेहरा नंतर. आणि सगळ्यात शेवटी चित्र आडवं उलटं करून बघा. एका बाजूची प्रत्येक खूण तिथे उघडी पडते.

पिस्केलची रिकामी फाइल आणि तीन रंगांच्या चार पॅलेट खाली दिल्या आहेत. पुढच्या भागात याच १६ चौकटींच्या पात्राला ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हाडं बसवू.