निळ्या रिबिनीची बिअर

(दृश्य: लाकडी काउंटर. एक हात कॅन उघडतो, ग्लास तिरका धरून ओततो.)

आधी डोळ्यांत भरतो तो रंग. वाळलेल्या गवतासारखा पिवळा, आरपार दिसेल इतका स्वच्छ. पांढरा फेस भरभर वर चढतो आणि बघता बघता बसतो. नाकाशी धरली तर उकडलेल्या कणसाचा गोडसर वास. कडवटपणा जेमतेम. घोट गिळला की जिभेवर फारसं काही उरत नाही.

ही अमेरिकेची पॅब्स्ट ब्लू रिबन. पिणाऱ्यांची पीबीआर. कुणी म्हणतं, नुसतं पाणी आहे. कुणी म्हणतं, उन्हातून राबून आल्यावर हिच्यासारखी दुसरी नाही. दोघं बोलतात ते एकाच गोष्टीबद्दल: जिभेवर काही न उरण्याबद्दल.

(दृश्य: मक्याचं शेत. मिशिगन सरोवर.)

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेली कुटुंबं मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहरात लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, करू लागली. अमेरिकेत तेव्हा मुख्यतः कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणारी बार्ली पिकायची आणि तिच्यात प्रथिनं फार. नुसत्या तिच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, बिअर गढूळ आणि जड व्हायची. मग बिअरवाले तिच्यात मका किंवा तांदूळ मिसळू लागले. बिअर निवळली, हलकी झाली. मका घातला तो पैसे वाचवायला, असं सर्रास बोललं जातं. मला ते अर्धंच पटतं. हाती आलेल्या धान्यातून नितळ बिअर काढणं ही त्या माणसांची कारागिरी होती.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बाटल्यांच्या गळ्याला रेशमी रिबीन.)

जेकब बेस्ट यांनी १८४४ मध्ये मिलवॉकीत या बिअरचा कारखाना काढला. पुढे तो बेस्ट घराण्याचे जावई फ्रेडरिक पॅब्स्ट यांच्याकडे आला. ते आधी सरोवरावरच्या आगबोटींचे कप्तान होते. १८८२ पासून त्यांच्या खास बिअरच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला निळी रेशमी रिबीन हाताने बांधली जाऊ लागली. वर्षाला लाखो फूट रेशीम लागायचं. गिऱ्हाईक बारमध्ये येऊन म्हणायचं, "ती निळ्या रिबिनीवाली द्या." तेच पुढे बिअरचं नाव झालं. पिणाऱ्यांच्या तोंडून आलेलं नाव, म्हणून मला ते फार आवडतं.

कॅनवर अजूनही छापलेलं असतं: १८९३ मध्ये अमेरिकेतली सर्वोत्तम. ते शिकागोचं जागतिक प्रदर्शन. तिथे बक्षीस म्हणून रिबिनी नव्हत्या, ब्राँझची पदकं होती, आणि पुरेसे गुण मिळवणाऱ्या सगळ्यांनाच ती मिळाली. गुणांवरून पॅब्स्ट आणि सेंट लुइसची बिअर कंपनी अनहायझर-बुश यांच्यात मोठा वाद झाला.

(दृश्य: पोर्टलंड, ओरेगन. पावसाळी रस्ता, सायकली.)

२००१ च्या सुमारास खप पार तळाला गेला होता. तेव्हा हिला हात दिला तो पोर्टलंडच्या पोरांनी. सायकलवरून पाकिटं पोहोचवणारी, दिवसभर भिजणारी, खिशात मोजके पैसे असलेली पोरं. शहरात हॉप्सनी, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या फुलांनी, भरलेल्या, कडू, महागड्या बिअर हव्या तेवढ्या होत्या. पण चार मित्रांना पाजायची तर हीच परवडायची. शिवाय हिची जाहिरात कुणी त्यांच्या डोक्यावर मारत नव्हतं. त्यांनी ती आपली आपण निवडली, आणि ती देशभर पसरली.

एक मात्र खरं, ती थंडच हवी. ग्लास अर्ध्या तासाने कोमट झाला की मक्याचा वास पुढे येतो आणि गोडी तोंडात चिकटते. नावं ठेवणाऱ्यांचं तेव्हा अजिबात चुकत नाही.

(दृश्य: मिलवॉकी, ज्युनो अव्हेन्यू. विटांच्या इमारती.)

सगळ्यात जड मत मात्र चवीबद्दलचं नाही. मिलवॉकीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. बिअर पुढे इतरांच्या कारखान्यांत बनू लागली. ज्या गावात बाप-लेक एकाच कारखान्यात कामाला जात, तिथे हा कॅन हातात घेताना माणूस चवीच्या आधी घर आठवतो. ते मत मला सगळ्यात खरं वाटतं.

(दृश्य: जुनी भट्टी, आता हॉटेल. तांब्याच्या प्रचंड कढया, मागे रंगीत काचेची खिडकी.)

या कढया आता थंड आहेत. प्रवासी त्यांच्याजवळून बॅगा ओढत खोल्यांकडे जातात. खाली कुणीतरी कॅन उघडतं. त्यावर लिहिलेलं असतं: स्थापना मिलवॉकी, १८४४.